कागदावर ओ पॉझिटिव्ह, नळीत बॉम्बे: एका बाळंतपणाचं प्रकरण

रुग्ण २९ वर्षांची. दुसरं बाळंतपण, आठवा महिना सुरू. सासर लालबागला, माहेर राजापूर तालुक्यात. पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालेलं, तेव्हा रक्त चढवावं लागलं नव्हतं. आता हिमोग्लोबिन ९.४. सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आलेली आणि जुन्या टाक्यांच्या जागेला चिकटून बसलेली दिसत होती. अशा बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती रक्तस्राव होईल याचा अंदाज कुणीच छातीठोकपणे देत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ३६ आठवडे भरल्यावर सिझेरियन ठरवलं आणि आमच्या रक्तकेंद्राला चिठ्ठी आली: ओ पॉझिटिव्ह, लाल पेशींच्या चार पिशव्या राखून ठेवणे.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून घरचे आणि गावाकडचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग जसा घडला तसा लिहिते आहे.

मे महिना होता. मुंबईत मे म्हणजे रक्ताचा तुटवडा ठरलेला. कॉलेजं बंद, चाकरमानी कोकणात, शिबिरं होत नाहीत. तरी ओ पॉझिटिव्ह हा आपल्याकडे भरपूर सापडणारा गट, त्यामुळे चार पिशव्यांची चिठ्ठी पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

आठी पडली क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ही चाचणी, लावल्यावर. पहिली पिशवी जुळली नाही. दुसरी नाही. फ्रिजमधल्या ओ गटाच्या आणखी पिशव्या काढून पाहिल्या, प्रत्येक नळीत ठसठशीत गुठळी. आमचे वरिष्ठ टेक्निशियन एरवी कमी बोलतात, ते नळी उजेडाकडे धरून एवढंच म्हणाले, “मॅडम, हिला मुंबईतलं कुणाचंच चालत नाहीये.”

नळीत काय दिसलं

रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासायचा असतो. रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी टाकून पाहायचं, हे फॉरवर्ड. रुग्णाच्या सीरममध्ये, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी टाकून पाहायचं, हे रिव्हर्स. फॉरवर्डमध्ये हिच्या पेशी अँटी-एला गोळा झाल्या नाहीत, अँटी-बीलाही नाहीत. इथवरच थांबलं तर गट ओ, आणि पहिल्या बाळंतपणात कुठल्याशा लहान लॅबनं काचेच्या स्लाइडवर एवढंच करून ‘ओ पॉझिटिव्ह’ छापून दिलं होतं. रिव्हर्समध्ये ए पेशी गोळा झाल्या, बी पेशी गोळा झाल्या, त्यात नवल नाही. पण ओ पेशीही तितक्याच जोरात गोळा झाल्या. खऱ्या ओ माणसाच्या सीरममध्ये ओ पेशी मोकळ्या राहायला हव्यात.

यानंतर दोन-तीन वाटा उरतात. स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी असेल, तर ऑटो कंट्रोल (तिचंच सीरम तिच्याच पेशींवर टाकून पाहणं) पॉझिटिव्ह येतो. हिचा निगेटिव्ह होता. आधीच्या बाळंतपणातून एखादी नेहमीची अँटीबॉडी तयार झाली असेल, तर अकरा माहीत असलेल्या पेशींच्या संचात, म्हणजे पॅनलमध्ये, काही पेशी गोळा होतात, काही होत नाहीत. इथे अकराच्या अकरा गोळा. बाजारात मिळणाऱ्या पॅनलच्या सगळ्या पेशी ओ गटाच्याच असतात, ही गोष्ट अशा वेळी विसरून चालत नाही. मग अँटी-एच लेक्टिन काढलं: पेशींवर एच नावाची खूण असली की ते त्यांची गुठळी करतं. युलेक्स युरोपियस नावाच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा हा अर्क. आमच्याच एका ओ कर्मचाऱ्याच्या पेशींवर टाकल्याबरोबर लाल दगडासारखी गुठळी झाली. रुग्णाच्या पेशींवर काहीच नाही. नळी हलवली की पेशी धुरासारख्या पसरत होत्या.

बॉम्बे फेनोटाइप, म्हणजे पेशींवर एच नसलेला दुर्मीळ रक्तगट. शक्यता म्हणून तो आम्हा सगळ्यांना पाठ असतो. प्रत्यक्ष रुग्ण म्हणून समोर येतो तेव्हा पहिलं अर्धं मिनिट माणूस लेक्टिनची एक्स्पायरीच तपासत बसतो.

अजून एक गोष्ट पाहायची होती. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं निकामी होतात, म्हणून लाल टोपणाच्या साध्या नळीत ताजं रक्त घेतलं. त्यातलं सीरम ओ पेशींबरोबर ३७ अंशांवर ठेवलं. थोड्या वेळानं सेंट्रिफ्यूज केलं तर वरचं पाणी गुलाबी. पेशी गोळा होण्यावर भागत नव्हतं, त्या फुटत होत्या, तेही शरीराच्या तापमानाला. म्हणजे ओची पिशवी लावली असती तर हेच तिच्या रक्तवाहिन्यांमध्ये झालं असतं: कंबरेत कळ, काळी लघवी, मूत्रपिंडं बंद, आणि पुढे रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच कोलमडणं.

त्याच दिवशी तिच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहून दिलं: आपत्कालीन ओ निगेटिव्हसुद्धा देऊ नये. प्रसूतिगृहात जिवावर बेततं तेव्हा क्रॉसमॅचची वाट न पाहता ओ निगेटिव्ह लावण्याची रीत आहे आणि ती योग्यही आहे. हिच्याबाबतीत मात्र तीच रीत जीवघेणी ठरली असती.

खुंटीच नाही

लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. एफयूटी-१ हा १९व्या गुणसूत्रावरचा जनुक एक विकर बनवतो. ते विकर साखळीच्या टोकाला फ्युकोज ही साखर जोडतं, की झाला एच अँटिजेन. हा एच म्हणजे भिंतीतली खुंटी समजा. ए गटाचा जनुक तिच्यावर एक साखर अडकवतो, बी गटाचा दुसरी. ओ माणसाकडे अडकवायला काही नसतं, खुंटी मोकळी राहते. म्हणून सगळ्यांत जास्त एच ओ गटाच्याच पेशींवर सापडतो. बॉम्बे माणसाकडे खुंटीच नसते. मग ए किंवा बीचा जनुक शाबूत असला तरी त्याला काम उरत नाही. शरीरानं एच कधी पाहिलेलाच नसल्यानं ते जन्मानंतरच्या काही महिन्यांतच एचविरुद्ध अँटीबॉडी बनवू लागतं.

हे पहिल्यांदा उमगलं ते इथेच, परळला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी कोणत्याच गटात न बसणारी माणसं हेरली, नमुने लंडनला पाठवले, आणि १९५२ मध्ये रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स या तिथल्या शास्त्रज्ञांसह लॅन्सेटमध्ये निबंध छापला. आज आम्ही जी ओ पेशींची नळी लावतो, तिची गरज त्या निबंधानं सिद्ध केली. पुढे भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईतलं प्रमाण मोजलं: साधारण ७,६०० माणसांत एक. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास आहे. शहराच्या लोकसंख्येवर ७,६०० चा भागाकार केला तर हजारभराहून जास्त माणसं निघतात. ती आहेत लोकल ट्रेनमध्येच. बहुतेकांच्या खिशातल्या कार्डावर ओ लिहिलेलं असणार.

आमच्या रुग्णाची लाळही तपासून घेतली. लाळ उकळत्या पाण्यात ठेवून, गाळ बसवून, वरचं पाणी लेक्टिनमध्ये मिसळायचं. लाळेत एच असेल तर तो लेक्टिनला आधीच गुंतवून टाकतो आणि नंतर घातलेल्या ओ पेशी मोकळ्या राहतात. इथे त्या गोळा झाल्या. लाळेतही एच नाही, म्हणजे पॅरा-बॉम्बे नव्हे, अस्सल बॉम्बे. हा फरक हौसेचा नाही. पॅरा-बॉम्बेतल्या कित्येकांची अँटीबॉडी थंडीतच जागी होते, तिथे थोडी सवलत मिळू शकते. इथे सवलत नव्हती.

संदर्भ प्रयोगशाळेकडून डीएनएचा अहवाल बाळंतपणानंतर आला, पण तो इथेच सांगते. एफयूटी-१ च्या दोन्ही प्रतींत ७२५व्या जागी टीच्या ऐवजी जी. एका अक्षराच्या बदलानं विकरातल्या २४२व्या जागेवर ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि विकर निकामी होतं. शेजारचा एफयूटी-२, जो लाळेतल्या एचसाठी लागतो, तो दोन्ही प्रतींतून पूर्णपणे गळालेला. भारतीय बॉम्बे रुग्णांत ही जोडी नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. दोन्ही बिघाड गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्यानं पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच खाली उतरत आले आहेत. तिसरी ओळ होती एबीओ जनुकाची: ए आणि ओ.

एक जुनी कुजबुज

त्या तिसऱ्या ओळीचं महत्त्व आम्हाला अहवालाआधीच कळलं होतं. निदान सांगायला घरच्यांना बोलावलं, तेव्हा सासूबाई नातीचं शाळेचं आरोग्य कार्ड घेऊन आल्या. मुलीचा गट ए पॉझिटिव्ह.

“मॅडम, बाप ओ, आई ओ. मग पोर ए कशी, ते एकदा आमच्यासमोर सांगा.”

प्रश्न विचारताना त्यांचा आवाज कठोर नव्हता. पण घरात ही गोष्ट अधूनमधून निघायची, असं नवऱ्यानं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. कुणी लॅबची चूक म्हणायचं, कुणी काहीच म्हणायचं नाही, आणि ते न म्हणणं सुनेला जास्त लागायचं.

मी कागदावर खुंटीचं चित्र काढलं. ए तिच्याकडेच होता, तिच्या आईकडून आलेला. अडकवायला जागा नसल्यानं दिसत नव्हता. मुलीला आईकडून ए मिळाला आणि बापाकडून एचचा चालू जनुक, म्हणून मुलीत तो दिसला. कुणी पितृत्वाची चाचणी मागितली नाही, आम्ही सुचवलीही नाही. तिची गरजच नव्हती. ओ-ओ आईबापांचं ए मूल ही बॉम्बेची पुस्तकी खूण आहे. ते कार्ड एखाद्या बालरोगतज्ज्ञानं आईच्या कागदाशेजारी ठेवून पाहिलं असतं, तर निदान तेव्हाच झालं असतं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, “म्हणजे हिचं रक्त हिच्या आईच्या वळणावर गेलं.” शास्त्र अर्धंच बरोबर होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

नवऱ्याची घाई वेगळी होती. “माझं ओच आहे. मंडळाची वीस पोरं आत्ता उभी करतो.” लालबागमध्ये ही पोकळ धमकी नसते, पोरं खरोखर उभी राहतात. त्याला पटवणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तोवर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश सोडलाही होता. दोन दिवस आमचा फोन वाजत राहिला. फोन करणाऱ्यांत ओ निगेटिव्ह होते, एबी निगेटिव्ह होते, सगळे मनापासून यायला तयार. बॉम्बे एकही नाही.

आधी भावंडं

अशा वेळी मी आधी वंशावळ काढते, फोन नंतर. बॉम्बे होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. म्हणजे प्रत्येक सख्ख्या भावंडाला बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक. परक्या माणसाला ७,६०० मध्ये एक. तीन भावंडं असतील तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण ५८ टक्के. जगातली कुठलीही नोंदवही इतक्या चांगल्या बोलीवर दाता देत नाही.

हिला तीन भावंडं होती. आणि आईवडील एकमेकांचे मामे-आते भावंड. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे, तिच्याबद्दल इथे न्यायनिवाडा करायचा नाही. ढोबळ गणित मात्र असं: ७,६०० मध्ये एक हे प्रमाण धरलं तर अशा लग्नातल्या मुलाला बॉम्बे असण्याची शक्यता साधारण १,२०० मध्ये एक इतकी वर जाते, कारण पणजी-पणजोबांपैकी एकाचीच प्रत दोन्ही वाटांनी येऊन भेटू शकते.

डोंबिवलीचा मोठा भाऊ आला. गट ए, लेक्टिनला जोरदार गुठळी. विरारची बहीण आली. गट ओ, लेक्टिनला तशीच गुठळी. धाकटा भाऊ गावी हापूसच्या पेट्यांचा टेम्पो चालवतो. फोनवर म्हणाला, “सीझन आहे मॅडम. ही खेप उतरवली की येतो.” तुतारी एक्सप्रेसनं दादरला उतरून सकाळी सरळ रक्तकेंद्रात आला. लायसनवर ओ पॉझिटिव्ह. लेक्टिन टाकलं. पेशी धुरासारख्या पसरल्या.

टेक्निशियननी नळी माझ्यासमोर धरली आणि काही न बोलता हसले.

त्याच्या पेशींचा आणखी एक उपयोग झाला, जो घरच्यांना सांगूनही नीट समजला नसता. अँटी-एच सगळ्याच पॅनल पेशी गोळा करते, त्यामुळे तिच्याआड दुसरी एखादी अँटीबॉडी लपली असेल तर दिसत नाही. पहिल्या बाळंतपणामुळे तशी तयार झालेली असू शकते. ती शोधायला एच नसलेल्याच पेशी लागतात. भावाच्या पेशींबरोबर रुग्णाचं सीरम ३७ अंशांवर आणि पेशींना चिकटलेली अँटीबॉडी पकडणाऱ्या कूम्ब्ज टप्प्यापर्यंत तपासलं. नळी स्वच्छ.

पण सख्ख्या भावाचं रक्त तसंच लावता येत नाही, आणि या प्रकरणातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. पिशवीत लाल पेशींबरोबर थोड्या जिवंत पांढऱ्या पेशीही जातात. परक्याच्या असतील तर रुग्णाचं शरीर त्यांना ओळखून संपवतं. ऊतींची ओळख ठरवणाऱ्या एचएलए जनुकांचा संच आपण आईकडून एक, बापाकडून एक असा घेतो. समजा दात्याला दोन्हीकडून एकसारखाच संच मिळाला आणि रुग्णाकडे त्यातला एक आहे. मग रुग्णाच्या शरीराला दात्याच्या पेशी आपल्याच वाटतात, दात्याच्या पेशींना मात्र रुग्णाचा दुसरा संच परका वाटतो. त्या वाढतात आणि कातडी, यकृत, आतडी, अस्थिमज्जा यांच्यावर तुटून पडतात. हा आजार झाला तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. आणि आईवडील नात्यातले असले की एकसारखे दोन संच मिळण्याची शक्यता वाढते. ज्या कारणानं आम्हाला दाता सापडला, त्याच कारणानं त्याची पिशवी धोक्याची होती.

उपाय साधा आहे. पिशवीला २५ ग्रे किरणोत्सर्ग द्यायचा. पांढऱ्या पेशींची वाढण्याची ताकद जाते, लाल पेशींना केंद्रकच नसल्यानं त्या टिकतात. आमच्याकडे ते यंत्र नाही. पिशवी थंड पेटीतून शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात नेऊन आणली. किरणोत्सर्गानंतर पेशींतून पोटॅशियम पाझरायला लागतं आणि पिशवीचं आयुष्य घटतं, म्हणून भावाचं रक्तदान तारखेच्या फार आधी घेतलं नाही. पुरुष दात्याला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं. त्याच्याकडून एकच पिशवी मिळणार होती.

दुसरा दाता दुर्मीळ गटांच्या यादीतून मिळाला, साताऱ्याकडचा. पूर्वीही त्यानं अनोळखी लोकांसाठी प्रवास करून रक्त दिलेलं. नात्यातला नसल्यानं त्याच्या पिशवीला किरणोत्सर्गाची गरज नव्हती. तिसऱ्यानं शस्त्रक्रियेच्या दिवशी फोन चालू ठेवायचं कबूल केलं.

तिचंच रक्त आधी काढून ठेवावं का, यावर भूलतज्ज्ञांशी बराच वाद झाला. त्यासाठी हिमोग्लोबिन निदान ११ हवं. शिरेतून लोह दिल्यावर ते ९.४ वरून १०.६ पर्यंत आलं. तेवढ्यावर एक पिशवी काढायची म्हणजे उद्याच्या भीतीपोटी आजची शिल्लक मोडायची, त्यात वार खाली असल्यानं रक्तस्राव कोणत्याही रात्री सुरू होऊ शकत होता. आम्ही काढलं नाही. अजूनही मला तो निर्णय बरोबर वाटतो; भूलतज्ज्ञांना तितकासा नाही.

टेबलावर

शस्त्रक्रियेत वार एका भागात चिकटलेली निघाली, पूर्ण खोल रुतलेली नव्हती. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आधीच दिलेलं. सेल सेव्हर यंत्र लावलं होतं. पोटात सांडलेलं रक्त शोषून, धुऊन, पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या फिल्टरमधून तेच परत देतात. गर्भजलासाठी वेगळी सक्शन नळी ठेवली. रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेला, तेव्हा भावाची पिशवी लावली. गर्भाशय टाके घालून आवळलं आणि वाचलं. प्लाझ्मा लागला तो साध्या पुरवठ्यातून दिला: हिच्या लाल पेशींवर ए, बी, एच काहीच नसल्यानं कुठल्याही गटाचा प्लाझ्मा तिला चालतो, आणि या एका बाबतीत ती श्रीमंत आहे.

मुलगा झाला. गट ओ, लेक्टिनला व्यवस्थित गुठळी. आईच्या अँटीबॉडीचा थोडा अंश वारेतून जाऊ शकतो म्हणून काविळीवर लक्ष ठेवलं, एक दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. तेवढंच.

साताऱ्याची पिशवी उरली. ती ३५ दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवली असती तर दहा वर्षं टिकली असती, पण त्यासाठी लागणारं फ्रीझर आणि पेशी धुणारं यंत्र आमच्याकडे नाही. ती पिशवी आहे असं दुर्मीळ गटांच्या यादीवर कळवलं. मुदत संपेपर्यंत कुणी मागितली नाही.

संशोधन आणि ही बाई

हे प्रकरण विभागाच्या बैठकीत मांडलं, तेव्हा एका तरुण निवासी डॉक्टरनं विचारलं की हे सगळं जनुकशास्त्र इतकं पुढे गेलंय, तर पाच-दहा वर्षांत आपल्याला असे फोन करावे लागणार नाहीत ना? मी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली नाही, एकेक गोष्ट घेतली.

ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक मोठं काम केलं. लाल पेशी बनवणाऱ्या, न मरणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेशीवंशात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं जनुक बंद केले. एकाच पेशीवंशात त्यांनी पाच रक्तगट प्रणालींचे अँटिजेन काढून टाकले, आणि त्यातली एबीओची पायरी त्यांनी बॉम्बे फेनोटाइप तयार करूनच गाठली. परळला शोधलेली जन्मजात उणीव तिकडे मुद्दाम घडवली गेली, सगळ्यांना चालणारं रक्त बनवण्यासाठी. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी पहिल्यांदा माणसाला दिल्याचं जाहीर झालं. तिथे सुरुवात दात्याच्या मूळपेशींपासून होती, क्रिस्पर नव्हतं. मात्रा ५ ते १० मिलिलीटर, म्हणजे चमचा-दोन चमचे. एका पिशवीत साधारण दोन लाख कोटी लाल पेशी असतात. चमच्यापासून पिशवीपर्यंतचं अंतर खर्चाचं आणि टाक्यांच्या आकाराचं आहे, जनुकाचं नाही. ज्या दिवशी ते ओलांडलं जाईल, त्या दिवशी हिच्यासारख्यांचा नंबर पहिला लागावा, कारण दुर्मीळ गटाला चढा खर्चही परवडतो. दुसरा पर्यायच नसतो.

एप्रिल २०२४ मधली बातमी मात्र हिच्या कामाची नाही. डेन्मार्क आणि स्वीडनच्या गटांनी आतड्यातल्या अ‍ॅकरमॅन्सिया या जिवाणूची विकरं वापरून ए आणि बी पेशींवरच्या साखरा खुडून काढल्या. वर्तमानपत्रांनी ‘सर्वांसाठी रक्त’ असे मथळे दिले. त्यातून मिळतं ते ओ, मोकळ्या खुंटीचं. हिला मारणारं तेच.

तिचा एफयूटी-१ दुरुस्त करता येईल का, हाही प्रश्न आला. तांत्रिकदृष्ट्या कल्पना करता येते, पण ती आजारी नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या, जेवणाऱ्या, दोन मुलं झालेल्या बाईची अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करून तिथे संपादित पेशी बसवायच्या, कशासाठी?

खरा उपयोग आहे तो दाते शोधण्याच्या कामात, आणि ते काम परळलाच चालू आहे. आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनं एकाच पीसीआरमध्ये अनेक रक्तगट जनुक तपासण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि दुर्मीळ गटांच्या दात्यांची नोंदणी उभारायला घेतली. एका बाबतीत डीएनए सीरमच्या पुढे जातो: एकच बिघडलेली प्रत असलेला वाहक त्यात दिसतो, लेक्टिनमध्ये दिसत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. मुंबईचं प्रमाण लावलं तर इतक्या लोकांत बॉम्बे एखाद-दुसराच निघेल, पण वाहक शे-दोनशे निघू शकतील, आणि ते कुठल्या भागात, कुठल्या समाजात दाटलेत हे कळलं तर शिबिर कुठे घ्यायचं हे ठरवता येईल.

भावंडांचा नियमही नेहमी हात देत नाही. कोलारच्या एका हृदयरुग्ण महिलेच्या वीस नातेवाइकांचं रक्त तपासूनही जुळलं नाही. नमुना ब्रिस्टलला गेला आणि महिन्यांच्या तपासानंतर तो क्रोमर या रक्तगट प्रणालीतला नवाच अँटिजेन निघाला. २०२५ मध्ये त्याचं नाव ठरलं, क्रिब. तिची शस्त्रक्रिया रक्त न चढवता पार पाडली होती. रक्तगट प्रणालींची संख्या आता ४८ वर गेली आहे. आपण कार्डावर त्यातल्या दोनच लिहितो.

निवासी डॉक्टरला मी शेवटी जे सांगितलं ते संशोधन नव्हतंच. रक्तकेंद्रात प्रत्येक दात्याचं रिव्हर्स ग्रुपिंग होतं, त्यामुळे बॉम्बे दाता आमच्या नजरेतून सहसा सुटत नाही. सुटतो तो रुग्ण. गरोदर बाईचा गट कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये स्लाइडवर ठरतो आणि जन्मभर तोच कागद फिरतो. त्या लॅबनं ओ पेशींची एक नळी लावली असती, तर हिचं निदान पहिल्या मुलीच्या वेळीच झालं असतं आणि धाकट्या भावाला आंब्याच्या हंगामात धावत यावं लागलं नसतं. आमच्या रुग्णालयानं तेव्हापासून नियम केला आहे: बाहेरचा गटाचा कागद कितीही ठळक छापलेला असो, गरोदर स्त्रीचा गट पहिल्याच भेटीत दोन्ही बाजूंनी, ओ पेशींसह, आमच्याकडे होतो.

धाकट्या भावाची आणि आमच्या रुग्णाची, दोघांचीही कार्डं बदलून दिली. भावाला लायसनवरचा गटही बदलून घ्यायला सांगितलंय. रात्री घाटातून टेम्पो नेणाऱ्या माणसाच्या खिशात चुकीचा गट असणं बरं नाही. त्यानं दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव दिलं आहे. आमच्या रुग्णानंही द्यायची तयारी दाखवली, पण बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेपर्यंत तिला दाता म्हणून घेता येत नाही. तोवर त्याला काही झालं, तर आमच्याकडे साताऱ्याचा एक फोन नंबर आहे आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी फोन चालू ठेवलेल्या तिसऱ्याचा.